दार असलेली खोली

मनोबल कर्मचाऱ्याच्या अंगी असून भागत नाही. ते वरिष्ठांना दुरून दिसावे लागते. हे तत्त्व फिनलंडमधल्या औलू गावी पोहोचायला जरा उशीर झाला (थंडीमुळे असेल). तिथल्या एका कंपनीत, रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या गाड्यांना वाट सांगणारी संगणक-प्रणाली तयार होत असे. माणसे येत, कॉफी पीत, काम करीत आणि घरी जात. 'कसं चाललंय?' असे कुणी कुणाला विचारीत नसे. चालत नसते तर दिसलेच असते.

मग एका परदेशी उद्योगसमूहाने कंपनी विकत घेतली आणि मनोबलाची पाहणी केली. 'इथे काम करताना आपल्याला कसे वाटते?' या प्रश्नाला बहुतेकांनी 'वाईट नाही' असे उत्तर दिले. औलूत लग्नाच्या वाढदिवशी नवरा हे दोन शब्द बोलला तर बायकोचे डोळे भरून येतात. मुख्य कचेरीत मात्र हाहाकार उडाला. तातडीने उत्साहवर्धन योजना आली: सोमवारी सामुदायिक टाळ्या, बुधवारी आलिंगन (ऐच्छिक, नाकारणाऱ्यांची नोंद होईल) आणि आनंद झाल्यास वाजवायची एक पितळी घंटा. बढती यापुढे उत्साह बघूनच मिळणार होती.

गाड्यांच्या वाटा आखणारी तुइरे काल्लुंकी या योजनेने हैराण झाली. तिला विचार करायला शांतता लागे आणि सगळे बसत एकाच मोठ्या दालनात. एकदा ऐन कामात घंटा ठणाणली, तुइरेचा हात चुकला आणि दोन गाड्या गोठलेल्या समुद्रावरचा बर्फ लोटीत स्वीडनच्या दिशेने निघाल्या. चालकांनी हूं की चूं केले नाही. यंत्राने सांगितले होते, त्याअर्थी काहीतरी कारण असणार.

त्याच सुमारास विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खोली रिकामी पडली. ती बढती मिळवायचीच, असे तुइरेने मनाशी ठरवले आणि शेजारच्या टेबलावरच्या राइमोला सांगितले.

"अगं, तू मिठ्या मारणार?" राइमो म्हणाला. "स्वतःच्या आईच्या साठीला तू तिच्याशी हस्तांदोलन केलं होतंस!"

"दार आहे त्या खोलीला, राइमो."

"बंद होतं?"

"आतून कडीसुद्धा आहे. मी बघून आलेय."

राइमोने कॉफीचा कप बाजूला ठेवला. "मग माझ्यापासून सुरू कर," तो म्हणाला. "पण पटकन उरक."

तुइरेने कसलीही कसर सोडली नाही. ती टाळ्या उभी राहून वाजवी. तिने सहकाऱ्यांना मिठ्या मारल्या, टपालवाल्याला मारली, अग्निशमन यंत्रणा तपासायला आलेल्या गृहस्थालाही मारली (त्याने पुढची तपासणी फोनवरून केली). घंटा तर तिने इतकी बडवली, की तिचा लोलकच निखळला. घरी गेल्यावर ती सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, अंधार करून बसे आणि हसून हसून तिचे गाल दुखत असत.

वसंतात मुख्य कचेरीच्या मार्गो बाई पडद्यावर प्रकट झाल्या.

"तुइरे, तुझ्यासारखं माणूस खोलीत कोंडणं म्हणजे पाप आहे, पाप!"

तिला प्रमुख उत्साहवर्धन अधिकारी करण्यात आले. तिचे टेबल दालनाच्या मधोमध, घंटेखाली मांडले गेले. खोली आलिंगन कक्ष म्हणून घोषित झाली आणि लोकांना आत यायला संकोच वाटू नये म्हणून तिचे दार काढून टाकले.

तुइरे स्वच्छतागृहात जाऊन रडली. एवढ्या मोठ्या इमारतीत कडी आता तिथेच उरली होती. बाहेर आली ती नव्या पदाचे पहिले फर्मान घेऊनच: यापुढे सर्व उत्साह मनातल्या मनात.

"टाळ्या?" राइमोने विचारले.

"मनातल्या मनात."

"मिठ्या?"

"त्याही."

राइमोने तिच्याकडे बघून मान हलवली. औलूत याला सत्कार म्हणतात.

दालनात सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. गाड्या रस्त्यांवरूनच धावू लागल्या. 'उत्साह एवढा शिगेला पोहोचला आहे की शब्द फुटत नाहीत,' असे तुइरेने वर कळवले, आणि इथेच तिची चूक झाली. वरचे लोक खूश झाले. हे मौन शिकायला देशोदेशीची शिष्टमंडळे बसगाड्या भरभरून येऊ लागली. त्यांना माहिती द्यायला तुइरेच्या हाती ध्वनिक्षेपक आला. पुढे तिला जगभरच्या हॉटेलांत मौनावर व्याख्याने द्यावी लागली. अखेर तिचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली. नुसता उपदेश नाही, आचरणही, असे म्हणून मुख्य कचेरीने तिला आणखी एक बढती दिली.

योजना आता सगळीकडे लागू होत आहे. तुमच्या कचेरीतही येईल. 'मौन आवडलं का?' असे तुम्हाला व्यासपीठावरून ओरडून विचारले जाईल. तुम्ही मागच्या रांगेत शेजाऱ्याच्या कानाशी लागून 'काय हा मूर्खपणा!' म्हणाल. आणि आवडले त्यांनी हात वर करा, असे म्हणताच दोन्ही वर कराल.