उभ्याउभ्या कुंदाताई

कुंदाताई डोक्यावरचं हेल्मेट न काढता जेवते. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या ओसरीत, माझ्या डोळ्यांसमोर कितीदा तरी जेवली आहे. पट्टा सोडायचा, काच वर करायची आणि भाताचा घास आत. डाव्या हातात फोन. हात धुतल्यावर भाजी कसली होती विचारा, सांगता येणार नाही.

सानगडीत आमच्या घराला लागून तिचं घर. पुढच्या खोलीत संस्था, मागच्या खोलीत ती एकटी. धानाची रोवणी लागली की बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. तेव्हा त्यांची लहान लेकरं गावातच एका खोलीत सांभाळायची, हे संस्थेचं काम. पूर्वी लेकरू बांधावरच्या झाडाला झोळीत टांगलेलं असे, वरून पाऊस आणि खाली विंचू. काम चांगलं आहे. त्याला मी नावं ठेवत नाही. नावं ठेवायची ती कुंदाताईला ठेवतो आणि तोंडावर ठेवतो. तिला चालतं. मला ती मामाजी म्हणते, आमच्या बुढीला, म्हणजे माझ्या बायकोला, मामी म्हणायची. बुढी गेल्या हिवाळ्यात गेली.

तर ही बाई बसत नाही. "एवढं झालं का बसतोच मी, मामाजी," हे तिचं पालुपद. एवढं म्हणजे केवढं, ते तिलाही माहीत नाही.

आमच्याकडे पाहुणा बसला नाही तर त्याला घर पसंत पडलं नाही असा अर्थ होतो. तिच्या भावासाठी पोरगी पाहायला तिच्या घरची मंडळी बपेऱ्याला गेली. बाकीचे सतरंजीवर. ही चौकटीला टेकून उभी, फोनवर कोण्या गावात दुधाची पावडर पोचली की नाही ते विचारते आहे. पोरीच्या बापानं आधी पोहे पाठवले, मग चिवडा, मग कुठून तरी रसगुल्ले आणवले. हिनं सगळं उभ्यानं खाल्लं. निघताना त्या बिचाऱ्यानं हात जोडून विचारलं, पोरीत काय कमी दिसलं ते तरी सांगा बाई. हिला तर पोरगी फार आवडली होती. शेवटी ते लग्न जुळवायला आमच्या बुढीला बपेऱ्याला पाठवावं लागलं. बोलायचं काहीच नव्हतं तिला, फक्त बसून यायचं होतं.

संस्थेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे. जिथं पाळणाघर सुरू झालं, त्या गावावर लाल टिकली. टिकल्या आमच्या बुढीनंच दिलेल्या. एकदा मी म्हटलं, जिल्ह्याला गोवर आला वाटते. ती हसली नाही. टिकल्या नसलेल्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पाहा ना, किती कोरं आहे." एवढी गावं उभी केली आणि बाईला दिसतं काय, तर कोरं.

यात त्या नागपूरच्या साहेबाची भर. संस्थेला मदत देणारा. माणूस वाईट नाही, पण दर खेपेला त्याचा एकच प्रश्न, आता पुढं कोणती गावं? यंदा तर म्हणाला, शेजारचा जिल्हाही घ्या. हो की नाही ते रोवणीत येईन तेव्हा सांगा.

ती हो म्हणणार, हे सगळ्या सानगडीला ठाऊक होतं. आणि हो म्हटल्यावर काय होईल, तेही दिसत होतं. कारण आखाड लागला त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी ती भोवळ येऊन वांग्याच्या ढिगावर पडली. वांगेवालीनं आधी हिला उचललं, मग वांगी. तिचा मोठेपणा. साकोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, अंगात रक्त नाही, झोप नाही, पुढच्या खेपेला पडाल तर उठाल याची खात्री देत नाही. हे सगळं तिनं मला उभ्यानं सांगितलं.

मी म्हटलं, "मरशील."

"एवढी रोवणी झाली का..."

"रोवणी दरसाल येते. माणूस येत नाही."

माझं बोलणं असंच आहे. बुढी असती तर हेच गोड करून बोलली असती. आता ती नाही, तर लोकांना माझ्यावरच भागवावं लागते.

रोवणी ऐन भरात आली. साहेब दिघोरीचं पाळणाघर पाहायला येणार होता आणि तिथंच उत्तर घेणार होता. ते पाळणाघर माझी साळी सुमन सांभाळते. साळीला भेटायचं म्हणून मी कुंदाताईच्या गाडीवर मागं बसलो. खरं म्हणजे रस्त्यात पडली तर उचलायला कोणी असावं म्हणून.

पोचलो तेव्हा लेकरं जेवून झोपली होती. दोन ओळींत, उघडी पोटं वर करून. कुंदाताई दारात उभी राहिली. एका लेकरानं डोळे उघडून पाहिलं आणि भोंगा लावला. त्याचं ऐकून शेजारच्यानं. सुमननं दोघांना थोपटून निजवलं. ही फोनवर बोलून पुन्हा दारात येऊन उभी, पुन्हा भोंगा. या वेळी सगळी ओळ.

सुमन उठली. आवाज चढवला नाही. "ताई, दारात बाई उभी दिसली का पोरायले वाटते, माय न्यायले आली. मंग तुमचं तोंड पायतेत अन् रडतेत. बसा, नाहीतर जा."

संस्थेच्या मुख्य बाईला कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बुढीचीच बहीण ती.

कुंदाताई काहीतरी साहेबाचं सांगू लागली. सुमननं तिचं हेल्मेट काढून घेतलं आणि बोटानं जमीन दाखवली. ती बसली. भिंतीला टेकून, आत्ता उठायचंच आहे अशी. तेवढ्यात एक लेकरू झोपेतच सरकत आलं आणि तिच्या मांडीवर पाय टाकून पडलं. आता उठायची सोय राहिली नाही. मी पाणी पिऊन परत डोकावलो, तर बाई लेकरांच्या ओळीत आडवी, तोंड उघडं आणि चक्क घोरते आहे. फोन वाजायला लागला. सुमननं तो तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

साहेब आला, चिखलाचे बूट हातात घेऊन. मॅडम कुठं आहेत विचारलं.

"निजल्या," मी म्हटलं.

"तब्येत बरी नाही का?"

"आत्ताच बरी व्हायला लागली."

तो दारात उभा राहणार, तर सुमननं त्यालाही खाली बसवलं. खिचडी दिली. गुमान बसून तो बायांचं काम पाहत राहिला. कोण लेकराचं पोट पाहते, कोण धुते, कोण चूल पाहते, कोणी कोणाला विचारत नाही. जाताना हळूच विचारलं, मॅडम रोज येतात का? सुमन म्हणाली, "कायले? महिन्याकाठी येतेत, अन् पोरं उठवून जातेत."

दिवस कलला, रोवणीवरून माया आल्या, आपापली लेकरं काखेला मारून गेल्या. तेव्हा कुंदाताई उठली. खोली झाडलेली, भांडी पालथी. "माझ्यावाचून झालं?" असं तिनं सुमनला विचारलं. आनंद व्हायला हवा होता. पण चेहरा असा, जसा बस निघून गेलेल्या माणसाचा असतो.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबाला फोन केला. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं. म्हणाली, दुसरा जिल्हा नको. आहेत त्या गावांतल्या बाया मला येऊ नका म्हणायला लागल्या पाहिजेत, आता एवढंच काम. साहेबानं विचारलं असावं, हे अहवालात कसं लिहू. तर ही म्हणते, "लिहा, मॅडम झोपल्या होत्या."

तेव्हापासून बाईच्या बढाया बदलल्या. पूर्वी नवं गाव जोडलं की सांगायची. आता गाडी लावतानाच सांगते, मामाजी, आज अमक्या गावात बायांनी चहासुद्धा विचारला नाही. सरळ म्हणाल्या, आज कायले आल्या? हे असं सांगते, जसं कोणी शाल-नारळ दिला. जेवते बसून. परवा म्हणाली, वांग्यात खोबरं कमी आहे. म्हणजे चव कळायला लागली. रांधणारा मी, ताप वाढला माझा.

पण दिवस मावळायच्या आत घरी यायला लागली आणि तिचं काहीतरी बिनसलं. घरात जायची, लगेच बाहेर यायची, आमच्या ओसरीत टेकायची. एके संध्याकाळी मी सरळ विचारलं, "एवढी धावत काहून होती वं इतकी वर्षं?"

ती सुपातले तांदूळ चिवडत राहिली.

"उजेडात घरी आलं का घर रिकामं दिसते, मामाजी. थकून आलं का दिसत नाही. कुलूप काढलं का झोप." मग म्हणाली, "मामी होती तवा बरं होतं. माझी गाडी वाजली का भिंतीपल्याडून म्हणे, आली का वं? मी म्हणो, आली. बस, तेवढंच. मंग मी जेवो, नाही जेवो, काही वाटत नव्हतं."

रोज ऐकलं होतं मी ते. चुलीपाशी बसून बुढी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, आली का वं? मला वाटायचं, मांजरीला म्हणते.

दुसऱ्या दिवशी गाडी वाजली. मी चुलीपाशीच होतो. बुढी गेल्यापासून या घरात मी मोठ्यानं बोललो नव्हतो, आवाज फाटका निघाला.

"आली का वं?"

पलीकडे कुलपाचा खडखडाट थांबला.

"आली, मामाजी."

मांजरही आली, आणि चुलीपाशी इकडंतिकडं पाहत उभी राहिली.