ओहळाचं पाणी गढूळ आहे

दर शनिवारी संध्याकाळी अमोल सासूला फोन करायचा आणि दर शनिवारी ओहळाचं पाणी गढूळ असायचं.

“लय गढूळ हे, पाव्हणं,” पेठजवळच्या वाडीतून चिमणाबाई ओरडून सांगायच्या. “हात घातला तं हात दिसत नाय. मासा तुमची माशी कशी बघनार?”

ही माशी म्हणजे कोंबड्याच्या पिसांची, पोटात गळ लपवलेली. ती पाण्यावर अलगद टाकायची आणि मासा तिला खरी समजून झडप घालणार, असं अमोलने मोबाइलवर पाहिलं होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या नोकरीचा दिवाळी बोनस त्याने या नादापायी गळाच्या एका परदेशी काठीत घातला. पावसाळ्याआधी सासरवाडीच्या ओहळावर कितीतरी रविवार घालवूनही एकही मासा फसला नव्हता. फसला होता तो अमोल, असं त्याच्या बायकोचं, तेजस्विनीचं मत होतं. तिने निर्वाणीचं सांगून टाकलं, “दसऱ्याच्या आत या घरात एक मासा दिसला नाही, तर काठी मी ऑनलाइन विकणार.”

आता या प्रकाराला नितळ पाणी लागतं. गंगापूर धरणाच्या कडेला त्याने प्रयत्न करून पाहिला, तर वाऱ्याने माशी त्याच्याच टोपीत रुतली. उरला सासरवाडीचा ओहळ. आणि तो गढूळ! गणपती गेल्यापासून थेंब नाही, मोबाइल म्हणतो पेठला कडक ऊन आहे, आणि सासू म्हणते पूर आलाय. शेवटी वैतागून त्याने सासऱ्यांना फोनवर गाठलं.

“मामा, पाणी कसं आहे?”

“पानी ना?” पुंजामामा चाचरले. “थांबा, हिला इचारून सांगतो.”

ओहळाच्या काठावर राहणारा माणूस पाण्याचा रंग बायकोला विचारतो, हे ऐकून अमोलचं डोकंच फिरलं. दसऱ्याआधीच्या शेवटच्या रविवारी त्याने फोन न करताच गाडीला किक मारली.

ओहळ पाहून तो खवळला. तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं पाणी नितळ होतं, आणि त्या गोट्यांमधून मासे मजेत फिरत होते. “सख्खी सासू!” तो दातओठ खात म्हणाला, काठी जोडली आणि दोरी जोरात मागे झोकली. ती पुढे आलीच नाही. मागून हिसका बसला.

माशी कोंबड्याच्या शेपटीत अडकली होती. सासूचा तुरेवाला कोंबडा! तो केकाटत वाडीकडे सुटला, काठीची चक्री करकरत दोरी सोडू लागली आणि अमोल भाताच्या बांधावरून, कुणाच्या तरी वाळवणातून त्याच्यामागे धावत थेट सासूच्या अंगणात पोचला.

चिमणाबाईंनी कपाळावर हात मारला. “पाव्हणं, मागितला असता तं दिला नसता का? असा गळ टाकून धरत्यात व्हय?”

“आधी सांगा, पाणी गढूळ होतं ना?”

“मंग काय करू? जावई आला का कोंबडा कापावा लागतो. तुमची काठी आल्यापासून खुराडं रिकामं झालं. ह्यो शेवटचा.”

“अहो मामी, मला कोंबडा आवडतच नाही! तिखटाने पोट बिघडतं माझं. तुम्ही वाढता म्हणून खातो.”

“मंग नाय म्हनायचं ना!”

“सासूला नाही कसं म्हणणार?”

चिमणाबाईंनी शेपटीतला गळ हळूच सोडवला. “जावा, मासा आना धरून. मी नागलीची भाकर टाकते.”

अमोल हरखून ओहळाकडे पळाला आणि तिथे पोचताच बोंबलला. ओहळाचा चिखलकाला झाला होता. वाडीतल्या झाडून साऱ्या म्हशी त्यात डुंबत होत्या आणि काठावर पुंजामामा घामाघूम उभे होते.

“तुमची गाडी दिसली तसा म्हशी घालाया पळालो,” ते धापा टाकत म्हणाले. “हिचा शबुद खोटा पडाय नको.”

अमोलने काठी खाली टाकली. त्याची बोंब ऐकून आलेल्या चिमणाबाईंना दया आली. त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. “तेजू, काठी इकू नको. जावयाचा दोष नाय. पानी लय गढूळ हे, सोताच्या डोळ्यानं बघते मी!”

“आई,” तेजस्विनी म्हणाली, “कोंबडा वाचवायचा तर पाणी गढूळ सांग, हे तुला शिकवलं कुणी? मीच ना? मग मलाच काय सांगतेस? त्यांना म्हणावं, येताना काठी नीट पुसून आणा. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय.”