समोरचा माणूस आणि मागची भिंत

वस्तू वापरण्याआधी तिचे गुणदोष पारखावेत, हे सुज्ञपणाचे लक्षण आहे. पारखून झाल्यावर ती वापरलीच पाहिजे, असे मात्र कुठेही लिहिलेले नाही.

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या आमच्या छायाचित्र मंडळाने हे तत्त्व अंगी बाणवले आहे. एप्रिलच्या सभेला मार्लीस निएमी लिंबाच्या वड्या घेऊन चर्चच्या तळघरात आली. (वड्या उत्तम होत्या, नोंद आहे.) म्हणाली, "पप्पा एक्याण्णवचे झाले. त्यांचा एक धड फोटो नाही. मला झेपेल असा साधा कॅमेरा सुचवा ना."

"फोनवर काढू नकोस हं!" अध्यक्ष गॉर्डन लिंडक्विस्ट दचकलेच. "आयुष्यभराची आठवण आहे. आम्ही तपासून सांगतो, थांब जरा."

मार्लीस थांबली. पाच जणांची समिती झाली, मी तिचा चिटणीस. नवशिक्यांसाठीचा एक कॅमेरा तपासणीला मागवला.

नवशिक्यांच्या कॅमेऱ्याची परीक्षा विटांच्या भिंतीवर करतात. भिंत हलत नाही, लाजत नाही, आणि वीट वाकडी दिसली तर दोष भिंगाच्या गळ्यात घालता येतो. आम्ही जुन्या बेकरीची भिंत घेतली; गावात इतकी सरळ दुसरी नाही. (मार्लीसच्या वडिलांनीच, आर्व्हो गवंड्यांनी, ती तरुणपणी बांधली. ही बाब आमच्या कक्षेबाहेरची.)

पाच महिन्यांत ४,३१२ फोटो निघाले, सगळे भिंतीचे. गुण: वजनाला हलका, हातात नीट बसतो. दोष: अंग प्लास्टिकचे, बटणे कमी, बटणे फार (गॉर्डन यांचे भिन्न मत), डाव्या कोपऱ्यातल्या विटा किंचित धूसर. या कोपऱ्यावर तीन सभा झाल्या आणि दोन सभासदांचे बोलणे बंद झाले.

आर्व्हो रोज काठी टेकत यायचे. "काय रे पोरांनो, पडतेय का माझी भिंत?" (सर्वांत लहान पोर चौसष्टचे.) एकदा टोपी काढून, भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. "मलाही घ्या की एकदा."

"बाजूला व्हा, काका, विटा झाकल्या जातायत," गॉर्डन अदबीने म्हणाले. तेवढ्यात बटण दाबले गेले होते. फोटो क्रमांक २,९०७, बाद.

सप्टेंबरमध्ये आर्व्हो गेले. शवपेटीजवळ ठेवायला मार्लीसने फोटो मागितला, तेव्हा आम्ही २,९०७ काढला. विटा एकूण एक मोजता येतात. भिंतीवरचा हात स्वच्छ दिसतो, नखातल्या भेगांसकट. चेहरा मात्र धुरकट. मार्लीस बराच वेळ हाताकडेच पाहत राहिली. मला तिथे उभे राहवेना.

अहवालात एक दोष वाढवला: "समोर माणूस आल्यास लक्ष मागच्या भिंतीवरच राहते." (हा दोष कॅमेऱ्याचा, असे पाच विरुद्ध शून्य मतांनी ठरले.) शिफारस: वसंतात नवे मॉडेल येते आहे, तोवर थांबावे.

हा अहवाल आजवर सदतीस जणांनी वाचला आणि सदतीसच्या सदतीस जणांनी कॅमेऱ्याचे नाव विचारले. तुमच्याही ओठांवर तेच असणार. सांगतो, तोवर फोन खिशातच असू द्या. वडील बरे आहेत ना?