बाटलीवरच्या गोजराआजी

जे निसर्गातून येते ते निरुपद्रवी असते. (विंचू, खाजकुयली आणि बुरशी हे किरकोळ अपवाद.) या तत्त्वावर तुर्भ्याच्या एका गाळ्यात ‘हरितकवच’ ही कंपनी उभी राहिली आणि तिने कडुनिंब, लसूण व घाणेरीच्या पाल्यापासून पिकांसाठी बुरशीनाशक बनवले. मग एकच अडचण उरली. ते मारायचे कशावर? नवी मुंबईत जिथे शेते होती तिथे आता शेतीविषयक कंपन्यांची कार्यालये आहेत.

बऱ्याच शोधानंतर बोनकोड्यात, दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत, गोजराआजींचा काकडीचा वेल सापडला. सासूचे भातखाचर केव्हाच शहराच्या सेक्टरमध्ये गेले, पण त्याच्या बांधावरची काकडी आजींनी जगवली होती. कापली की वास शेजारच्या घरात जायचा. दर पावसाळ्यात एक काकडी पिवळी होईपर्यंत वेलावर ठेवायची आणि तिच्या बिया राखेत घोळून भिंतीला थापायच्या. गेल्या वर्षी उंदरांनी भिंत साफ केली. वाचलेल्या बियांतून हा एवढाच वेल आला, आणि आता त्याच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, होती. यावरची एक तरी काकडी पिकली नाही, तर बियाणे संपले.

कंपनीचे संचालक ऋषी जातीने आले. त्यांनी आधी भुरीचा फोटो काढला, मग आजींचा.

“राख मारू का रं? माजी सासू तीच मारायची.”

“आजी, राखेला लेबल नसतं. हे हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे. टेन्शन नका घेऊ.”

आजींना ते पटले. ऋषींनी बाटली उघडली. आत वर पांढरी साय धरली होती.

“अरे बाला, हिलापन भुरी लागली हाय.”

“तेच तर, आजी. केमिकलला बुरशी लागते का कधी?”

शुद्धतेचा इतका जिवंत पुरावा दुसऱ्या कोणत्याही कंपनीकडे नव्हता. लेबलवर लगेच सूचना आली: ‘पांढरा थर दिसल्यास घाबरू नये. हलवून वापरावे.’ सूचनेच्या वर आजी होत्या, डोक्यावर पदर, मागे हिरवागार वेल. (पानांवरची भुरी संगणकावर काढून टाकली होती. तेवढी भुरी मात्र खरोखर गेली.) जुईनगरहून बायका सेल्फी काढायला येऊ लागल्या. आजी ठेवणीतले लुगडे नेसून वेलाशेजारी बसत आणि सर्वांदेखत फवारत.

पाने पांढरी होतच गेली. सून नमिता हळूच म्हणाली, “आई, मागच्या बाजूने राख टाका ना. कोण बघतंय?”

“आनि बघितला तर? बाटलीवर माजा फोटू हाय.”

गणपती जाईपर्यंत वेल वाळला. बियांसाठी राखलेली काकडी बोटाएवढी होऊन गळली. कंपनीच्या अहवालात नोंद झाली: ‘चाचणीअखेर वेलावर नवी भुरी आढळली नाही.’

आजींनी बिया थापायच्या भिंतीवर बाटलीचे लेबल चिकटवले आहे. जागा तरी रिकामी दिसत नाही.

औषध उत्तम खपते. शेतकरी ते घेत नाहीत, तुम्ही घेता, आजींचा प्रेमळ चेहरा बघून. तुमच्या बाल्कनीत तुळशीमागे ती बाटली असेलच. वर साय आली असेल तर हलवून घ्या. आणि आजींच्या मागचा वेल एकदा निरखून बघा. ती काकडी आता तेवढीच उरली आहे, आणि ती तुमच्याकडे आहे.