चालेलकरांचं वजन

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरकावं, पुढच्यांनी थोडं अंग चोरून बसावं, आणि भिंतीला टेकलेल्यांनी निदान डोळे तरी उघडे ठेवावेत. आज एक गोष्ट सांगणार आहे. मन लावून ऐकली तर ऐकणाऱ्याचं कल्याण होतं; अर्धवट ऐकली तर होत नाही, पण नुकसानही काही नाही.

तर, माणूस स्वतःला जो समजतो तोच तो होतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. (सांगून गेले हे बरं केलं. थांबले असते तर लोकांनी शंका विचारल्या असत्या.) देवाने माणसाला डोळे दिले, पण दोन्ही बाहेर बघणारे. त्यामुळे आपण कसे आहोत हे कोणालाच नीट दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते ज्याचं त्याने मनाने भरून काढायचं असतं. काही जण ते सढळ हाताने भरतात. काहींचा हात आखडतो.

अशा आखडत्या हाताचे एक गृहस्थ वजनमापे कार्यालयात कारकून होते. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासून त्यांवर शिक्का मारणारं हे कार्यालय. किलो म्हणजे किलोच, असं छातीठोकपणे सांगणारं गावातलं एकुलतं एक ठिकाण. या गृहस्थांना सगळे चालेलकर म्हणत, कारण ते कशालाही 'चालेल' म्हणत. चहा गार झालाय? चालेल. तुमच्या डोक्यावरचा पंखा काढून आमच्या डोक्यावर लावतोय? चालेल. दारावरची पाटी रंगवणाऱ्याने शेजारपाजारी चौकशी करून पाटीवर 'चालेलकर' असंच रंगवलं आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं, तेव्हा ते काय म्हणाले हे वेगळं सांगायला नको. (त्यांना खरं आडनाव आहे. पण त्या आडनावाने आलेलं पाकीट पोस्टमन आता 'असे कोणी राहत नाही' म्हणून परत पाठवतो.)

त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली त्यांनी कार्यालयातलंच एक बाद झालेलं लोखंडी वजन सरकवलं होतं. ते निसटलं की चालेलकर डावीकडे कलत आणि कललेल्या अवस्थेतच शिक्के मारत. कलून कलून त्यांची मान कायमची डावीकडे गेली होती. त्यामुळे सरळ माणसं त्यांना वाकडी दिसत, पण तेही त्यांना चालत असे.

चालत नव्हतं ते फक्त वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला.

झालं असं की हेडक्लार्क निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी पडली. ही खुर्ची हातांची, गादीची आणि गोल फिरणारी होती.

"या वेळी ती खुर्ची मागा," भांडी विसळता विसळता वहिनी म्हणाल्या.

"मिळाली तर चालेल."

"आणि नाही मिळाली तर?"

"तरी चालेल."

वहिनींनी पातेलं जरा जोरात उपडं घातलं. "लग्न करू या का, असं मीच विचारलं होतं तुम्हाला. काय म्हणाला होतात, आठवतंय?"

चालेलकरांना आठवत होतं. ते नळाकडे बघू लागले.

"मी हवी होते, की चालण्यासारखी होते, हे मला अजून कळलेलं नाही."

"अगं, चालेल म्हणजे हो."

"हो म्हणजे हो. चालेल हे बाजार उठताना उरलेल्या टोमॅटोला म्हणतात." वहिनींनी हात पुसले. "आता पुन्हा तो शब्द माझ्या कानावर आला, तर मी दादाकडे राहायला जाईन. जाऊ का म्हणून विचारणारही नाही. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे."

याच सुमारास कार्यालयाचे साहेब एका थंड हवेच्या ठिकाणाहून प्रशिक्षण घेऊन परतले. माणूस मागे राहतो तो स्वतःला लहान समजल्यामुळे, हे त्यांना तिथे कळलं. (जेवणही चांगलं होतं, असं त्यांनी नंतर खासगीत सांगितलं.) परतल्या परतल्या त्यांनी आदेश काढला. उद्यापासून हजेरी घेताना नाव पुकारलं जाणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाला विचारण्यात येईल: तुम्ही स्वतःला समजता कोण?

हा प्रश्न आजवर फक्त भांडणात विचारला जात असे, तोही बाह्या सरसावून, आणि विचारणारा उत्तरासाठी थांबत नसे. उत्तरासाठी थांबणारं हे पहिलंच कार्यालय. उत्तर भव्य असावं, निसर्गातलं असावं आणि आधी दुसऱ्याने घेतलेलं नसावं, एवढ्याच अटी होत्या.

साहेबांनी सूर्य घेतला. टायपिस्ट ताई वाघीण झाल्या. ड्रायव्हर गरुड झाला. शिपाई मामा, जे वाऱ्याच्या दिवशी फाटकाला धरून चालत, त्यांनी बराच विचार करून पर्वत व्हायचं ठरवलं.

फरक लगेच दिसू लागला. सूर्य रोज साडेअकराला उगवू लागला, आणि त्याच्याकडे सरळ बघायचं नसल्यामुळे सगळे कागद बाजूने सरकवले जाऊ लागले. वाघिणीने टाइप केलेल्या पत्रांत एकही 'विनंती' उरली नाही. गरुडाची नजर लांबची झाली. तो क्षितिजाकडे बघत गाडी चालवू लागला, आणि जवळच्या काही वस्तू, उदाहरणार्थ केळ्यांची एक हातगाडी आणि कार्यालयाचं फाटक, त्याला दिसेनाशा झाल्या. पण सर्वांत गाढ श्रद्धा मामांची.

"मामा, चहा आणता?"

"पर्वत चहा आणायला गेलेला कधी पाहिलाय?"

"मग पाणी तरी द्या."

"पाणी पर्वतावरून आपोआप खाली येतं. आलं की घ्या."

कार्यालयातला आत्मविश्वास चारशे टक्क्यांनी वाढला आणि काम साठ टक्क्यांनी घटलं. (उरलेलं चाळीस टक्के चालेलकर आधीपासूनच करत होते.)

चालेलकरांची मात्र पंचाईत झाली. साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतःला समजता कोण?" आणि ते हातातला शिक्का पुसू लागले.

"काहीतरी म्हणा. समुद्र म्हणा."

"समुद्र चालेल."

"चालेल नव्हे. मनापासून."

"मनापासून चालेल, साहेब."

तेव्हा साहेबांनी त्यांना उपाय सांगितला: रोज आरशासमोर उभं राहून 'मी अफाट आहे' असं मोठ्याने म्हणायचं. घरात आरसा मोरीतच होता. चालेलकर दार लावून सुरू झाले.

"आत कोण आहे?" बाहेरून वहिनींनी विचारलं.

"मीच आहे."

"मग अफाट कोण आहे म्हणताय?"

"तेही मीच."

"बरं. अफाट होऊन झालं की बादली रिकामी करून या."

आता खुर्चीचं बघा. साहेबांनी जाहीर केलं की कार्यालयात ज्याचं वजन सर्वांत जास्त, त्याला हेडक्लार्कची खुर्ची. आपण साधी माणसं वजन असणं म्हणजे चार लोकांनी शब्द मानणं, असं समजतो. पण साहेब वजनमापे खात्यात मुरलेले. वजन म्हटल्यावर काटा आलाच. ज्या मोठ्या काट्यावरून गावातले सगळे काटे तपासले जात, त्याच काट्यावर प्रत्येकाने उभं राहायचं, आपण कोण ते सांगायचं, आणि श्रद्धा खरी असेल तर वजन वाढेलच. कार्यक्रम कुटुंबीयांच्या समक्ष.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. पर्वत एकोणपन्नास किलो भरला. सूर्य मोजल्यावरही काट्याच्या बऱ्याच रेषा शिल्लक राहिल्या. कोणी कोणाकडे बघेना.

काटेदुरुस्तीवाल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने काटा सगळीकडून तपासला आणि म्हणाला, "साहेब, काट्यात काही खोट नाही."

"खोट नाही, पण विश्वासही नाही," साहेब म्हणाले. "या काट्याचा दृष्टिकोन नकारात्मक आहे."

चर्चेअंती असं ठरलं की काट्याला सकारात्मक होण्यासाठी थोडी मदत करावी. मिस्त्रीने पडद्यामागे बसायचं आणि उत्तर ऐकून एक दांडी पायाने दाबायची. पक्षी असेल तर हलकेच, डोंगर असेल तर जोरात. यात फसवणूक काही नव्हती. मनातलं वजन बाहेर काढायची ती शास्त्रीय सोय होती.

चांगली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. त्याच संध्याकाळी टायपिस्ट ताई बाजारात गेल्या.

"अहो, हा कोबी अर्धा किलोच आहे की."

"काट्यावर अर्धा," भाजीवाली म्हणाली. "मनाने दीड आहे. नवी पद्धत आहे बाई. तुमच्याच हापिसातून आलीय."

वाघिणीने पैसे मोजून दिले. ती दीड किलो श्रद्धेचा कोबी घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक भरलेली पिशवी होती, आणि पिशवीतून टूथब्रश डोकावत होता. दादाचं घर सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. चालेलकरांनी टूथब्रश पाहिला आणि त्यांची मान जरा आणखी कलली.

आधी साहेब चढले. "मी सूर्य." पडद्यामागे मिस्त्रीने दोन्ही पाय लावले. काटा गर्रकन फिरून शेवटच्या आकड्यावर आपटला. टाळ्या. गरुडाच्या वेळी मिस्त्रीने नेमाप्रमाणे हलकेच दाबलं, त्याचा गरुडाला राग आला आणि तो फाटकातून निघून गेला. (फाटक आता नव्हतंच.) ताई "मी वाघीण" म्हणाल्या, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या त्यांच्या सासूबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "यात नवीन काय? घरी रोज बघतो आम्ही." पर्वताचा पुकारा झाला, पण पर्वत आला नाही. आतल्या खोलीतून आवाज आला, "काट्याला इकडे पाठवा."

काटा जमिनीत बसवलेला होता. म्हणून पर्वत वगळून चालेलकरांना बोलावलं.

चालेलकर काट्यावर चढले.

"तुम्ही स्वतःला समजता कोण?" साहेबांनी विचारलं.

चालेलकरांनी पिशवीकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. "मी," ते म्हणाले, "हिचा नवरा."

मग पडद्याची कड बाजूला झाली आणि मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं. "साहेब, नवरा किती दाबायचा?"

"तो दाबलेलाच असतो," ताईंच्या सासूबाई म्हणाल्या.

मिस्त्रीला हे पटलं असावं. त्याने पाय काढून घेतला. काटा बासष्टवर येऊन स्वस्थ उभा राहिला.

"बासष्ट," साहेब खेदाने म्हणाले. "एवढ्यावर ती खुर्ची देता यायची नाही हो. जुनीच चालेल ना तुम्हाला?"

सगळ्या सभागृहाने चालेलकरांच्या वतीने तो शब्द मनात म्हणूनही टाकला. दोघे-तिघे तर चपला शोधू लागले. वहिनींचा हात पिशवीच्या बंदावर गेला.

"नाही चालणार," चालेलकर म्हणाले.

हे म्हणताना त्यांची मान सरळ झाली. ती कडकन वाजल्याचं पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मला ती खुर्ची हवी आहे. आणि साहेब, खुर्ची राहू द्या, ते नंतर. मला ही हवी होती. तेव्हाही हवीच होती. शब्द चुकला माझा. घाईत जो तोंडात होता तो म्हणालो."

कोणी हललं नाही. काटाही हलला नाही. (मिस्त्री पडद्याला नाक पुसत होता.) वहिनी टूथब्रश पिशवीत खोल खोल खुपसत होत्या आणि तो पुन्हा पुन्हा वर येत होता.

साहेब मुळात प्रेमळ माणूस. सूर्याच्या डोळ्यांतही पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथे चालेलकरांना हेडक्लार्क केलं आणि खुर्ची बहाल करायला सगळी मंडळी आतल्या खोलीत गेली.

खुर्चीवर मामा बसले होते. डोळे मिटून, हळूहळू गोल फिरत.

"मामा, उठा."

"पर्वत उठत नसतो."

सूर्याने तळपून पाहिलं. वाघीण गुरगुरून झाली. पर्वत खिडकीकडे तोंड करून गेला, भिंतीकडे वळला, पुन्हा समोर आला. कोणाच्याही श्रद्धेला हात लावायचा नाही, हा साहेबांचाच आदेश. त्यामुळे मामा आजही तिथेच आहेत, आणि आम्ही सगळे त्यांच्या निष्ठेला नमस्कार करूनच पुढे जातो.

चालेलकर आपल्या जुन्या जागी येऊन बसले. वजन निसटलेलं होतं. ते डावीकडे कलले. समोर वहिनी उभ्या होत्या.

"खुर्ची नाही मिळाली," ते म्हणाले.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. लोखंडी वजन पायाने ढकलून खुर्चीच्या आखूड पायाखाली नीट बसवलं. नवरा सरळ झाला का ते पाहिलं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

तर अशी ही गोष्ट. आता उठा, पाय मोकळे करा. दाराशी चपला शोधताना कोणीतरी तुम्हाला विचारणारच, काय हो, कशी होती गोष्ट? तेव्हा तुमची मान किंचित डावीकडे कलेल, आणि तोंडात कोणता शब्द येईल तेही मला ठाऊक आहे. माझी काही तक्रार नाही. फक्त तो ओठांबाहेर पडण्याआधी एकवार वहिनींची आठवण काढा, एवढीच विनंती.