गुरुजींची शनिवारची हजेरी

शाळेतून निवृत्त झालेले बाभुळकर गुरुजी दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आमच्या पांढुर्ण्याच्या वृद्धाश्रमात येतात आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांची हजेरी घेतात. मी इथला व्यवस्थापक. शनिवार सोडून.

म्हाताऱ्यांच्या मनाला शांती द्यायची, असं गुरुजींनी आश्रमात सेवा करू देण्याच्या अर्जात लिहिलं होतं. शांतीची पद्धत अशी: रांगेत बसायचं, नाव आलं की आमच्या मध्य प्रदेशातल्या शाळांसारखं 'जय हिंद' म्हणायचं, मग नखं तपासून घ्यायची आणि शेवटी संत्र्याची एकेक फोड. मधुमेहवाल्यांना फोड अर्धी, उपदेश पूर्ण. कोणी पुटपुटलं की गुरुजी ओरडणार, "आवाज नाही आला! उपाशी हाय का?" दुखणं सांगायचं तर आधी हात वर करायचा. हात वर होत नाही हेच दुखणं असलं, तरी.

एवढं आम्ही सोसलं. पण दिवाळीनंतर आश्रमातले किसनराव वारले आणि गुरुजी त्यांचंही नाव पुकारत राहिले. पुकारायचे, जरा थांबायचे, पुढं जायचे. रांगेतल्या यमुनाबाई भडकल्या.

"मेलेल्या माणसाले हाका मारून राहिला हा बुढा! बंद करा याले, नाही तं पोराले फोन लावीन!"

पोरगा त्यांचा फोन उचलत नाही, पण धमकी म्हणून चालतो. मी गुरुजींना ऑफिसात बोलावलं. "किसनरावांचं नाव खोडा, नाहीतर हजेरी बंद."

गुरुजी पहिल्यांदाच हळू बोलले. "त्याच्या घरी त्याचं नाव कोणी घेत नोतं, साहेब. हप्त्यातून एक डाव मी घेऊन राहिलो, तं काय बिघडते?"

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. यादीत शेवटचं नाव त्यांचं स्वतःचं होतं. त्यापुढं सातही दिवसांचे रकाने: शनिवारी हजर, बाकी सहा दिवस गैरहजर. गुरुजी सौंसरला मुलाकडे राहतात, भरल्या घरात.

"बाकीचे दिवस घरीच असता ना?"

"असतो नं. पण तिथं कोणी विचारत नाही."

मला माझ्या हुकमाची लाज वाटली. पुढच्या शनिवारी गुरुजींना रांगेत बसवलं, यमुनाबाईंच्या शेजारी, आणि फोडी आधीच वाटून हजेरी मीच घेतली. किसनरावांचं नाव गुरुजी का पुकारतात ते सांगितलं, नाव घेऊन थांबलो. यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी गुरुजींचं नाव घेतलं.

ते उठून उभे राहिले. "जय हिंद" जेमतेम ऐकू आलं.

यमुनाबाईंनी हात वर केला. "आवाज नाही आला, गुरुजी! उपाशी हाय का?" आणि आपली अर्धी फोड त्यांच्या हातावर ठेवली.