सत्तारभाईंच्या अटी

सत्तारभाईंकडे पेन मागितलं की आधी अटी ऐकाव्या लागत. "देतो. पण याच टेबलावर लिहायचं, जेवणाच्या सुट्टीच्या आत परत करायचं, आणि टोपण चावायचं नाही." मी एकदा त्यांचं पेन घेऊन खिडकीपाशी गेलो, तर हा गृहस्थ मागोमाग आला आणि पेन काढून घेऊन गेला. माझी सही अर्धीच राहिली.

खारघरच्या आमच्या कंपनीत सत्तारभाई क्लाउडची दारं राखायचे. म्हणजे कंपनीच्या फायली दूर कुठल्यातरी सर्व्हरवर, आणि कोणती फाइल कोणी, केव्हा, कुठून उघडायची याचे नियम हे लिहिणार. माणूस पनवेलच्या मोहल्ल्यातला, उमेदीची वर्षं आखातात काढून आलेला. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला सगळं डब्यावरून शिकवलं.

"दीपकराव, दोन वेगळ्या अटी असल्या की मध्ये 'आणि'. दोन्ही जमल्या पाहिजेत. पण एकाच अटीत दोन नावं लिहिली की त्यांच्यात 'किंवा'. माझा डबा कोण खाणार? दीपकराव किंवा मॅथ्यू. आणि हात धुतलेले पाहिजेत. आलं लक्षात?"

आलं. मी हात धुऊन येईपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या मॅथ्यूने कोलंबी संपवली होती, हेही आलं. त्याने हात धुतले होते की नाही, हे मात्र सत्तारभाईंनी तपासलं नाही. क्लाउडमध्ये असं चालत नाही म्हणे.

एकदा साहेब कळंबोलीला ट्रॅफिकमध्ये अडकले आणि गाडीतूनच एक रिपोर्ट उघडायला गेले. उघडेना. साहेब फोनवर कडाडले. सत्तारभाई थंड. "सर, नाव तुमचंच, कबूल. तारीख मुदतीच्या आत, कबूल. पण इंटरनेटचा पत्ता ऑफिसचा पाहिजे, तो नाही. दोन बरोबर, एक चूक. नाही उघडणार." त्या वर्षी सत्तारभाईंची बढती हुकली. नियम काही बदलला नाही.

असल्या माणसाच्या घरी काय चालत असेल, याची मला फार उत्सुकता. एका रविवारी चहाला बोलावलं, गेलो. बायकोला जाऊन तीन वर्षं झालेली, एकुलती एक रुबीना लग्न होऊन दोह्याला. घर कसं लख्ख, आणि एका माणसाला फारच मोठं. चहा ओतत होते तेवढ्यात रुबीनाचाच फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"अब्बा, अम्मीचे व्हिडिओ अजून उघडत नाय."

"पनवेलच्या घरच्या पत्त्यावरूनच उघडतात, बेटा. तू ये, इथे बसून बघ."

"कशी येऊ? आठवा लागला. डॉक्टर विमानाला नाय बोलतात." मग आवाज बारीक झाला. "मला भीती वाटते, अब्बा. अम्मीचा आवाज तरी ऐकू द्या."

मला राहवलं नाही. "अहो, घरगुती व्हिडिओ कोण चोरणार आहे? काढून टाका ती अट!"

त्यांनी फोनवर हात ठेवला. "चोराची पर्वा कोणाला आहे, दीपकराव? फक्त इथेच उघडतात म्हटल्यावर पोरगी येईल, एवढंच होतं. दर ईदला येते म्हणते, येत नाही. मी पण अजून पाहिले नाहीत. एकट्याने बघवणार नाहीत."

मला माझ्याच आगाऊपणाची लाज वाटली.

त्यांनी लॅपटॉप ओढला. "रुबीना, तुझ्या तिथल्या इंटरनेटचा पत्ता काढ. आकडे सावकाश वाच." ती वाचत गेली. दिवसाला शंभर नियम लिहिणारा हा माणूस दोनदा चुकला. मी डोकावून पाहिलं. अट काढली नव्हती. 'घर' नावाच्या त्याच अटीत, पनवेलच्या पत्त्याखाली, दोह्याचा पत्ता लिहिला होता.

"हा पत्ता बदलला की लगेच कळव," ते म्हणाले. "आता बघ."

पलीकडे तिने व्हिडिओ लावला. मग दोह्याहून, फोनमधून, एका बाईचा खणखणीत आवाज पनवेलच्या त्या खोलीत आला. "अवो, किती हात हलवता! फोन सरळ धरा ना!"

सत्तारभाईंचा हात खरोखरच थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला, आणि फोन सरळ केला.